आडनावातलं एक अक्षर



लग्न झालं की आपलं आडनाव बदलतं. रेशनकार्डावर बदलतं, बँकेच्या पासबुकात बदलतं, आणि ‘तुला चालेल का’ असं कुणी विचारत नाही. पुरुषांवर ही वेळ येत नाही. पण आज आम्ही ज्याची गोष्ट सांगणार आहोत, त्या माणसानं विशीत असताना आपलं आडनाव स्वतःच बदललं. फार नाही, त्यात एकच अक्षर घातलं. हॅथॉर्न होतं, ते हॉथॉर्न झालं. नॅथॅनिएल हॉथॉर्न. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत आजही ज्याच्या कादंबऱ्या अभ्यासाला असतात, तो हा लेखक.

आमच्या वाचनगटात त्याच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीची गोष्ट आम्ही एकमेकींना सांगितली होती. हेस्टर प्रिन नावाची बाई. काळ सतराव्या शतकाचा, गाव बॉस्टन. नवरा दूर देशी, आणि हिला मूल होतं. बाप कोण ते ती शेवटपर्यंत सांगत नाही. गाव तिला चव्हाट्यावर उभं करतं आणि छातीवर कायम लाल कापडाचं एक अक्षर लावायला लावतं. इंग्रजीत व्यभिचाराला जो शब्द आहे, त्याचं पहिलं अक्षर. ती ते सोन्याच्या धाग्यानं भरते, लावते, आणि शिवणकाम करून पोरीला वाढवते. गोष्ट संपल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, “पुरुषाला हे कसं सुचलं?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही त्याच्या घराण्यापर्यंत जाऊन पोचलो.

हे हॅथॉर्न मूळचे इंग्लंडचे. विल्यम हॅथॉर्न १६३० साली समुद्र ओलांडून अमेरिकेत आला आणि काही वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम या बंदराच्या गावी स्थायिक झाला. हे लोक प्युरिटन पंथाचे, म्हणजे धर्माच्या बाबतीत अतिशय कडक. इंग्लंडात आपला छळ होतो म्हणून ते निघून आले, आणि इथे आल्यावर दुसऱ्यांचा छळ करू लागले. विल्यम शिकलेला, बोलण्यात तरबेज, फौजेत मेजर, कोर्टात न्यायदंडाधिकारी. त्या काळी क्वेकर नावाचा दुसरा एक पंथ होता. देवाचा आवाज प्रत्येकाच्या आत असतो, म्हणून बाईसुद्धा सभेत उभी राहून बोलू शकते, असं तो मानायचा. प्युरिटनांना हे सहन होईना. अ‍ॅन कोलमन नावाच्या क्वेकर बाईला विल्यमच्या हुकुमानं सेलम, बॉस्टन आणि डेडम अशा तीन गावांतून गाडीमागे बांधून चाबकाचे फटके मारत नेलं. दीडशेहून जास्त वर्षांनी त्याच्याच वंशातल्या लेखकानं त्या बाईचं नाव आपल्या लिखाणात घेतलं. एरवी ते आज कुणाला ठाऊक असतं?

विल्यमचा मुलगा जॉन. हा आपल्या लेखकाचा खापरपणजोबा, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

१६९२चा हिवाळा. सेलममध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरातल्या दोन लहान मुलींना झटके येऊ लागले. त्या किंचाळत, अंग वाकडं करत. डॉक्टरांना काही कळेना, तेव्हा ‘कुणीतरी केलंय’ असं ठरलं. मग कुणी केलं, त्याचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा ज्या तिघींना धरलं, त्या कोण होत्या बघा. टिटुबा ही त्या धर्मोपदेशकाच्याच घरातली गुलाम. सारा गुड दारोदार भीक मागायची, आणि कुणी काही दिलं नाही तर पुटपुटत निघून जायची. आणि सारा ऑस्बर्न, आजारी, कित्येक महिने चर्चला न गेलेली. म्हणजे ज्यांच्या बाजूनं गावात कुणी उभं राहणार नाही, नेमक्या त्याच.

१ मार्चला त्यांची चौकशी सुरू झाली आणि प्रश्न विचारणारा मुख्य माणूस होता जॉन हॅथॉर्न. त्या चौकशीची टिपणं आजही आहेत. ती वाचताना अंगावर काटा येतो तो त्याच्या प्रश्नांमुळे. तू हे केलंस का, असं तो विचारत नाही. तुझी कुठल्या सैतानाशी मैत्री आहे, या पोरींना तू का छळतेस, असं विचारतो. निकाल आधी आणि प्रश्न मागून. अशा प्रश्नाला बाईनं काय उत्तर द्यायचं? नाही म्हटलं तर ती खोटारडी. टिटुबानं हो म्हटलं, आणि ती जगली. सारा ऑस्बर्न तुरुंगातच मेली.

सारा गुडला चार-पाच वर्षांची मुलगी होती, डोरोथी. तिलाही चेटकीण ठरवून बेड्या घातल्या. पोर काही महिने कैदेत राहिली. साराचं तान्हं बाळ तुरुंगात दगावलं. डोरोथी सुटली, पण पुढे अठरा वर्षांनी तिच्या बापानं सरकारला अर्ज केला, त्यात लिहिलं की पोरीचं डोकं तेव्हापासून ठिकाणावर नाही. हे वाचल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

रिबेका नर्स ही तर सत्तरीची, ऐकू कमी येणारी, गावात मान असलेली आजी. पंचांनी तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. पण त्या मुली कोर्टात आरडाओरडा करायला लागल्या, पंचांना फेरविचार करायला सांगितलं, आणि तिलाही फाशी झाली. त्या वर्षी एकूण १९ जणांना फाशी दिलं, त्यांत १४ बायका. जाईल्स कोरी नावाच्या एका म्हाताऱ्याला अंगावर दगड ठेवत ठेवत मारलं. तुरुंगात मेले ते वेगळे.

१९ जुलैला सारा गुडला फाशी दिलं. कबूल कर, असं तिथला धर्मगुरू तिला सांगत होता. तिनं सुनावलं की मी चेटकीण नाही, आणि माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त प्यायला लावील. हा शाप हॅथॉर्नांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आपल्यालाच लागलेला म्हणून सांगितला जायचा. खरं तर तो त्या धर्मगुरूला दिलेला होता. पण मन खात असलं की दुसऱ्याला दिलेला शापही आपल्या दारात येऊन बसतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या कोर्टातल्या सॅम्युएल स्यूअल या न्यायाधीशानं १६९७ साली बॉस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या चुकीचा कबुलीजबाब वाचून घेतला, आणि पुढे दर वर्षी त्यासाठी उपास केला. त्याच वर्षी १२ पंचांनी लेखी माफी मागितली. जॉन हॅथॉर्ननं अशी माफी मागितल्याची नोंद नाही. तो आणखी वीस वर्षं प्रतिष्ठेत जगला आणि १७१७ साली वारला.

(आणि हे सगळं फार दूरचं वाटत असेल, तर नंदुरबारकडे डाकीण ठरवून मारलेल्या बायका आठवा. आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा आहे.)

पुढच्या पिढ्यांत घराण्याची रया गेली. जॉनचा मुलगा जोसेफ शेती करी. जोसेफचा मुलगा डॅनिएल जहाजाचा कप्तान, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गाजलेला. डॅनिएलचा मुलगा नॅथॅनिएल, हाही दर्यावर्दी. इथे आपल्या देशाचा एक धागा येतो. सेलमची जहाजं तेव्हा कलकत्ता, मुंबई, सुमात्रापर्यंत यायची. मिरी, मसाले, कापड न्यायची. १७९५च्या डिसेंबरात ‘अमेरिका’ नावाचं जहाज कलकत्त्याहून निघालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पोचलं. त्यावर होती एक हत्तीण, दोन वर्षांची. अमेरिकेच्या भूमीवर उतरलेला हा पहिला हत्ती! त्या जहाजावर नॅथॅनिएल अधिकारी होता आणि रोजची नोंदवही त्याच्या हातची आहे. वाटेत सेंट हेलेना बेटावर भोपळे, कोबी आणि हत्तीसाठी हिरवा पाला घेतला, हे त्यानं लिहिलंय, आणि हत्ती जहाजावर असल्याचं खास मोठ्या अक्षरांत. आपल्या बापाची अशी वही पोराला मिळाली तर तो ती किती वेळा उघडून बघेल!

कारण बाप त्याला फारसा मिळालाच नाही. १८०८ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला तो पिवळ्या तापानं गेला. नॅथॅनिएल तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. त्याचा जन्म ४ जुलै १८०४चा.

आता त्याच्या आजोळाकडे वळू. लेखकाचं घराणं सांगताना बहुतेक जण बापाकडचंच सांगतात. न्यायाधीश, मेजर, कप्तान. आईकडे कोण होतं? आईचं माहेर मॅनिंगांचं. हे लोक सेलमला १६७९च्या सुमारास आले. दोनच वर्षांत कोर्टाच्या दप्तरात त्यांचं नाव येतं. निकोलस मॅनिंग आणि त्याच्या दोन बहिणी, अ‍ॅन्स्टिस आणि मार्गारेट, यांच्यावर आपसात शरीरसंबंधांचा आरोप आला. भाऊ पळून गेला. बहिणी सापडल्या. शिक्षा अशी, की चाबकाचे फटके खा किंवा दंड भरा, आणि त्याउपर सेलमच्या प्रार्थनाघरात सगळ्या गावासमोर उंच स्टुलावर बसा, डोक्यावर कागद लावून. कागदावर तुमचा गुन्हा मोठ्या अक्षरांत लिहिलेला.

मैत्रिणींनो, हे वाचलं आणि आमच्या त्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आम्हाला मिळालं. अंगावर अक्षर लावलेली बाई गावासमोर, आणि पुरुष गायब. बापाच्या बाजूला शिक्षा देणारे होते, आईच्या बाजूला शिक्षा भोगणाऱ्या. दोन्हींचं रक्त एका पोरात आलं.

त्याची आई एलिझाबेथ सत्तावीसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात तीन मुलं. थोरली एलिझाबेथ, जिला घरात एबी म्हणत; मधला नॅथॅनिएल; आणि काही महिन्यांची लुईझा. लग्नानंतर सात महिन्यांनीच एबी जन्मली होती, आणि सेलमसारख्या गावात महिने मोजणारे असणारच. सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही म्हणा, किंवा तिला राहवलं नाही म्हणा, ती मुलांना घेऊन माहेरी आली. मॅनिंगांचा घोडागाड्यांच्या वाहतुकीचा धंदा होता. घरात मामा, मावश्या, आजी, बारा माणसांचा राबता. रॉबर्ट मामानं पोराच्या कॉलेजचे पैसे भरले. जुन्या चरित्रांत या आईचं चित्र असं, की ती खोलीत कोंडून घेणारी, मुलांशीही न जेवणारी दुःखी विधवा. आता अभ्यासक म्हणतात की हे फार वाढवून सांगितलेलं आहे. आम्हालाही तसंच वाटतं. भावांच्या जिवावर तीन मुलं वाढवणारी बाई कमी बोलत असेल तर त्यात नवल कसलं?

१८२५ साली कॉलेज संपवून नॅथॅनिएल घरी आला आणि पुढची बारा वर्षं माडीवरच्या खोलीत बसून लिहीत राहिला. पहिली कादंबरी स्वतःच्या पैशानं, नाव न घालता छापली, आणि मग लाज वाटून मिळतील तितक्या प्रती जाळल्या. याच काळात तो सेलमचा जुना इतिहास, कोर्टाच्या नोंदी, खटल्यांची हकिगत वाचत होता. ही पुस्तकं त्याच्या खोलीत यायची कशी? गावात वाचनालय होतं, त्याची वर्गणी मेरी मावशीच्या नावावर. तिथे जायची ती एबी. कुठलं पुस्तक भावाला लागेल हे तीच निवडायची, आणायची, परत करायची. तो मासिकाचा संपादक झाला तेव्हा पानं भरायला तिनं मदत केली, मुलांसाठीचं इतिहासाचं पुस्तक दोघांनी मिळून केलं. त्याच्याइतकीच तल्लख होती ती. खापरपणजोबाचं पाप भावाला कळलं ते बहिणीनं उचलून आणलेल्या पुस्तकांतून.

आडनावात अक्षर घातलं ते या खोलीत बसायला लागण्याच्या सुमाराला. न्यायाधीशाच्या नावापासून सुटायला त्यानं तसं केलं असं लोक म्हणतात. उच्चार जवळजवळ तोच राहिला. सुटका व्हायची तर इतक्यानं कशी होईल?

१८४२ साली त्यानं सोफिया पीबडीशी लग्न केलं. सोफिया चित्रकार. डोकेदुखीनं वर्षानुवर्षं आजारी, तरी तिच्या चित्रांना गिऱ्हाईक होतं. तीन मुलं झाली. ऊना, ज्युलियन आणि रोझ. लिखाणावर घर चालेना म्हणून तो सेलमच्या जकात कचेरीत नोकरीला लागला. १८४९ साली सरकार बदललं आणि नोकरी गेली. त्याच जुलैत आई वारली. ती शेवटच्या आजारात असताना तो तिच्या पलंगापाशी गुडघे टेकून रडला, असं त्यानं स्वतःच वहीत लिहून ठेवलंय.

नोकरी गेल्याचं त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा सोफियानं काय केलं, ते मुलानं पुढे सांगितलंय. ती म्हणाली की बरं झालं, आता तुम्ही पुस्तक लिहा. आणि घरखर्चातून हळूहळू बाजूला टाकलेले पैसे काढून दाखवले. डाळीच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या आपण, आपल्याला हे समजावून सांगायला नको. तिनं दिव्यांच्या झडपा रंगवून विकल्या. मित्रांनीही पैसे पाठवले. आणि त्या काही महिन्यांत ‘द स्कार्लेट लेटर’ लिहून झाली. शेवट त्यानं सोफियाला वाचून दाखवला, तर ती डोकं धरून झोपायला गेली. त्याला त्याचा आनंद झाला. वाचणारीचं काळीज हललं म्हणजे पुस्तक उतरलं!

मार्च १८५०मध्ये पुस्तक आलं आणि २५०० प्रतींची पहिली आवृत्ती थोड्याच दिवसांत संपली. प्रस्तावनेत त्यानं ते केलं, जे जॉननं कधी केलं नव्हतं. विल्यम आणि जॉन या दोघांच्या क्रूरपणाबद्दल उघड लिहिलं, त्यांचा प्रतिनिधी म्हणून ती लाज आपण आपल्या शिरावर घेतो असं म्हटलं, आणि घराण्यावर शाप असेल तर तो सुटो अशी प्रार्थना केली. गाव खवळलं, पण ते जकात कचेरीतल्या लोकांची टिंगल केली म्हणून. पुढच्या वर्षीच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या कादंबरीत त्यानं सारा गुडचा शाप जवळजवळ जसाच्या तसा एका पात्राच्या तोंडी घातला. तिथेही शाप देणारा फाशीच्या दोरापाशी उभा आहे आणि समोर जमीन लाटणारा बडा माणूस.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, फार मोठ्या मनाचा माणूस. आमचं त्यावर एकमत झालं नाही. याच माणसानं १८५५ साली प्रकाशकाला पत्र लिहून तक्रार केली, की लिहिणाऱ्या बायकांच्या टोळ्यांनी बाजार भरलाय, त्यांच्यापुढे आपलं काही चालत नाही. बायकांची पुस्तकं जास्त खपत होती, हे खरं दुखणं. (पुढच्याच पत्रात त्यानं एका लेखिकेची मनापासून स्तुतीही केली, तेही सांगायला हवं.) आणि गुलामगिरी? त्याच्या डोळ्यांसमोर लाखो माणसं विकली जात होती. त्याची मेहुणी एलिझाबेथ पीबडी, जिनं पुढे बॉस्टनमध्ये बालवाडी काढली, ती गुलामगिरीविरुद्ध लढत होती. तिनं सोफियासाठी पाठवलेला त्याविषयीचा लेख त्यानं बायकोला न दाखवताच परत पाठवला. कॉलेजातला मित्र फ्रँकलिन पिअर्स राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, तर त्याचं प्रचाराचं चरित्र यानं लिहून दिलं. पिअर्स गुलामगिरीला हात लावणाऱ्यांपैकी नव्हता. तो निवडून आला आणि हॉथॉर्नला लिव्हरपूलची वकिलात मिळाली. दीडशे वर्षांपूर्वीचा अन्याय त्याला स्पष्ट दिसला, समोरचा दिसला नाही. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, मग त्या माफीला काय अर्थ? बाकीच्या म्हणाल्या, अर्थ आहे. ती चर्चा अजून चालू आहे.

लिव्हरपूलमधली एक हकिगत मात्र आम्हा सगळ्यांना पटली. तिथल्या गरीबखान्यात तो पाहणीला गेला होता. अंगभर फोड आलेलं एक मूल त्याच्या कोटाला धरून मागे मागे फिरायला लागलं आणि उचलून घे म्हणून समोर उभं राहिलं. हा मुळात लोकांपासून अंग चोरणारा माणूस. तरी त्यानं ते मूल उचललं, कुरवाळलं. पुस्तकात लिहिताना मात्र आपल्याबरोबरच्या एका गृहस्थानं उचललं असं लिहिलं. १८६४ साली तो गेल्यावर सोफियानं त्याच्या वह्या छापल्या तेव्हा कळलं की तो गृहस्थ हाच.

धाकटी रोझ या पानांना बापाचं सगळ्यात मोठं लिखाण म्हणायची. तिचं स्वतःचं एकुलतं एक मूल लहानपणीच गेलं, संसार मोडला. १८९६ साली, पंचेचाळिशीत, ती न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत खोली घेऊन राहायला गेली आणि कॅन्सर झालेल्या बायकांच्या जखमा धुवायला लागली. कॅन्सर तेव्हा संसर्गजन्य समजत. पैसा नसलेल्या रोग्याला कुणी दारात उभं करत नसे. रोझनं नियम केला, की रोग्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. पुढे ती जोगीण झाली, तिच्याबरोबर इतरजणी आल्या. त्यांचं रुग्णालय न्यूयॉर्कजवळच्या ज्या गावी उभं राहिलं, त्या गावाचं नाव आज हॉथॉर्न आहे. त्या जोगिणी आजही पैसे न घेता तेच काम करतात.

सेलममध्ये चार्टर स्ट्रीटवर जुनी दफनभूमी आहे. न्यायाधीश जॉन हॅथॉर्नचा दगड तिथे आहे. तिला लागूनच १९९२ साली, खटल्यांना तीनशे वर्षं झाली तेव्हा, मारल्या गेलेल्यांचं स्मारक केलं. वीस जणांच्या नावानं भिंतीतून बाहेर आलेले वीस दगडी कट्टे, त्यांतला एक सारा गुडचा. खटल्यात दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन या शेवटच्या बाईचं नाव अधिकृतपणे निर्दोष व्हायला मात्र २०२२ साल उजाडलं. त्यासाठी अर्ज-विनंत्या केल्या त्या जवळच्या गावातल्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी. कट्ट्यांवर लोक फुलं ठेवून जातात.